मातीफंडाच्या वहीतले नाव

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्वदीर्घाच्या चुका असतील, अक्षरही वाईट आहे. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि त्यानंतर किराण्याच्या यादीपलीकडे मी काही लिहिलेले नाही. तरी कोणी वाचलेच तर सांभाळून घ्यावे.

चर्चमधल्या बायकांच्या सभेत मरियमबाईंनी मला साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगायला, उभे केले होते. मी पदराचे टोक पिळत उभी राहिले आणि एक शब्दही न बोलता खाली बसले. जे तोंडाने आले नाही ते या वहीत लिहिते. कोणाच्या घरी असे झाले तर उपयोगी पडेल.

डॉक्टरांनी यांच्या, म्हणजे माझ्या यजमानांच्या, तोंडात लाकडी पट्टी घालून घशाला जरा लावली. दात खाडकन मिटले. पट्टी तशीच दातात अडकून राहिली. डॉक्टरांनी ती ओढली नाही. माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारले, "गेल्या पंधरा दिवसांत कुठे लागलं होतं का?"

मी यांच्या उजव्या पायाकडे बोट दाखवले. अंगठ्याजवळची जखम वरून सुकली होती.

"टिटॅनस," डॉक्टर म्हणाले. "आपण धनुर्वात म्हणतो. मातीतलं विष जखमेतून आत जातं आणि मग अंगाचा एकेक स्नायू आखडतो. आधी जबडा, मग मान, मग पाठ. एक दिवसही उशीर करू नका म्हणायची वेळ आता गेली."

तो झावळ्यांचा रविवार होता, पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणाआधीचा. मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षाची गोष्ट. आम्ही तेव्हाही धुळ्यातच राहत होतो. हे मंडळीचे शिपाई. चर्च झाडणे, रविवारी घंटा वाजवणे, सणाला ढोलकी वाजवणे आणि मंडळीत कोणी वारले की कबर खणणे, ही यांची कामे. नऊ दिवस आधी एका म्हातारीची कबर खणताना टिकाव घसरून पायाला लागला होता. यांनी जखमेत तंबाखू दाबली आणि कबर पूर्ण केली. मी म्हटले होते दवाखान्यात जा. एकदाच म्हटले. दुसऱ्यांदा म्हणायला हवे होते.

रविवारी सकाळी यांना भाकरीचा तुकडा तोंडात घालता येईना. मला वाटले दाढ दुखते. माझी सासू जवळ बसली होती. ती म्हणाली, "शिमोन, हसस का रे?" कारण ओठ दोन्ही बाजूंना ताणले गेले होते आणि दात दिसत होते. हे हसत नव्हते. हे लक्षात ठेवावे. ज्याला घास चावता येत नाही आणि जो कारण नसताना हसल्यासारखा दिसतो, त्याला तसाच उचलून दवाखान्यात न्यावे.

दवाखान्यात यांना कोपऱ्यातली खोली दिली. खिडकीला काळी कांबळी लावली. कानात कापूस घातला. डॉक्टरांनी मला आणि सासूबाईंना दारात उभे करून सांगितले, "आवाज, उजेड, धक्का, यांतलं काहीही झालं की झटका येईल. झटक्यात श्वास अडकला तर मी काही करू शकणार नाही. या खोलीत बोलायचं नाही. भांडं पडता कामा नये. पहिले दहा दिवस निघाले तर माणूस निघेल."

झटक्याला ते स्पॅझम म्हणत. पहिला मी पाहिला तो नर्सच्या हातातला ट्रे दाराला लागला म्हणून आलेला. यांची पाठ खाटेवरून उठली. टाचा आणि डोके तेवढे टेकलेले. तोंडातून आवाज नाही. डोळे मात्र उघडे आणि माझ्याकडे लागलेले. या आजारात शुद्ध जात नाही. माणसाला सगळे कळत असते.

संध्याकाळी माझ्या बांगड्या वाजल्या आणि यांच्या मानेच्या शिरा ताणल्या. मी बांगड्यांना चिंधी गुंडाळली. तरी पाणी भरताना वाजल्या. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन तेल लावून एकेक काढली. परत आले तेव्हा सासूबाईंनी माझे मोकळे मनगट धरले. बोलायची मनाई होती, तरी कानाशी लागून म्हणालीच, "आतेच काढ्यात का व?" म्हणजे आत्ताच काढल्यास का गं.

मी मान हलवली, की तसे नाही. अंधारात तिला ती दिसली की नाही कोण जाणे.

सिरम म्हणून एक इंजेक्शन असते. रक्तात फिरणारे विष ते मारते, पण जे आधीच नसांत बसले त्याला काही करत नाही. म्हणून ते लवकर लागते आणि पुष्कळ लागते. दवाखान्यात होते तेवढे पहिल्या दिवशी दिले. बाकीचे धुळ्यात मिळेना. डॉक्टर म्हणाले, जळगावला मोठ्या दुकानात मिळेल, माणूस पाठवा. सगळे मिळून एकशे चाळीस रुपये होतील.

आमच्या घरात एकोणीस रुपये होते.

मंडळीचे खजिनदार नाना त्याच संध्याकाळी आले. नाना निवृत्त शिक्षक, हिशोबाला फार कडक. मंडळीत कोणी गरीब मेला तर त्याच्या पेटीला आणि कफनाला पैसे कमी पडू नयेत म्हणून दर घरामागे महिन्याला आठ आणे जमा होत. त्याला सगळे मातीफंड म्हणत. नानांनी पिशवीतून त्या फंडाची वही काढली आणि व्हरांड्यातल्या बाकावर उघडली.

"पोरी, मंडळीजवळ दुसरा पैसा नाही," ते म्हणाले. "हा एवढाच आहे. आणि हा फक्त मयताला देता येतो. तसा ठराव आहे, खाली माझीच सही आहे."



नानांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. मग पेन उघडून यांचे नाव लिहिले. मला अक्षरे उलटी दिसत होती तरी वाचता आली. 'मयताचे नाव' या रकान्यात यांचे पूर्ण नाव. पुढच्या रकान्यात एकशे चाळीस. त्यापुढचा रकाना तारखेचा. तिथे पेन थांबले. नानांनी तो रकाना रिकामा ठेवला.

"आता नीट ऐक. मेला तर हे पैसे फिटले. कोणी तुला मागणार नाही. उठला तर मात्र फेडायचे, एकूण एक."

यांचा मित्र याकोब शेजारी उभा होता. तो म्हणाला, "नाना, जिवंत माणसाला मेलेल्यांत बसवलंत तुम्ही."

"मग काढ बाहेर," नाना म्हणाले. "जळगावची पहिली एसटी पहाटे आहे. पळ."

मी घरी कोणाचे कधी उसने ठेवलेले नाही. कोणाची वाटीभर साखर राहिली तरी मला चैन पडत नाही. पण त्या संध्याकाळी बाकाजवळ उभी राहून मी देवाकडे एकच मागितले, की हे पैसे आमच्या डोक्यावर राहू दे.

सोमवारी दुपारी याकोब जळगावहून बर्फात ठेवलेल्या कुप्या घेऊन आला. थर्मास त्याने सगळा रस्ता मांडीवर धरला होता. आधी कातडीखाली थेंबभर टोचून पाहतात, कारण ते सिरम घोड्याच्या रक्तापासून करतात आणि काहींना सोसत नाही. अर्धा तास थांबायचे. डॉक्टर मनगटावरचे घड्याळ पाहत होते, मी यांच्या दंडाकडे. गाठ आली नाही. मग पुढचे दिले.

मंगळवारी आठ झटके आले. बुधवारी अकरा. नाकातून राइल्स ट्यूब घातली. ही रबरी नळी पोटात जाते, तिच्यातून दूध आणि पेज देतात. मी दूध गाळून द्यायचे काम शिकले. गुरुवारी डॉक्टर काही बोलले नाहीत. दवाखान्यात जो डॉक्टर बोलत नाही त्याच्या चेहऱ्याकडे आपण फार पाहतो. त्याला ते आवडत नसते.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, पाळकसाहेब आले. खोलीच्या बाहेर उभे राहून त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि गेले. त्यांना मी मनातून धन्यवाद दिले. आमच्या लोकांत आजाऱ्यापाशी येऊन मोठ्याने प्रार्थना करायची आणि एखादे भजन म्हणायचे अशी रीत आहे. माणूस ताकद धरतो असे म्हणतात. ते खरेही असेल.

शनिवारी दुपारी याकोब पुन्हा आला. मला व्हरांड्यात बोलावून म्हणाला, "वहिनी, ढोलकी घरी आहे ना? किल्ली द्या. उद्या पहाटेची फेरी आहे."

पुनरुत्थानाच्या पहाटे आमची मंडळी कंदील घेऊन चर्चपासून कबरस्थानापर्यंत गात जाते. पुढे ढोलकी. कबरस्थानाचा रस्ता दवाखान्याच्या मागून जातो. यांच्या खिडकीपासून तो वीस पावलांवर आहे.

"आम्ही सगळ्यांनी ठरवलंय," याकोब म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "दरवर्षी शिमोनभाऊ पुढे असतो. या वर्षी तो येऊ शकत नाही तर फेरी त्याच्याकडे येईल. खिडकीखाली थांबून दोन गाणी म्हणू. मी वाजवीन. त्याच्यासारखं नाही येत मला, पण तो आतून शिव्या देईल तेवढ्याने तरी त्याला बरं वाटेल."

मी पदराच्या गाठीतून किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.

हे मी लपवत नाही. मला माहीत होते, ढोलकीच्या पहिल्या थापेला काय होईल ते. पण मला माणसांसमोर बोलता येत नाही. लहानपणी नशिराबादला असल्यापासून घसा बंद होतो. याकोब एवढे प्रेमाने बोलत होता आणि त्याच्यामागे सगळी मंडळी होती. मी किल्ली दिली. तो गेल्यावर मी डॉक्टरांना शोधायला धावले. डॉक्टर परगावी गेले होते. नर्सबाईंना सांगितले तर त्या म्हणाल्या, "मी जागा सोडू शकत नाही. तुमचीच माणसं, तुम्हीच सांगा."

सासूबाई भिंतीला टेकून बसली होती. तिने खुणेने विचारले काय झाले. मी तिच्या कानात सांगितले. ती म्हणाली, "मना पोऱ्या उठी का?" म्हणजे माझा मुलगा उठेल का. 

मी शेवटच्या दिवसाच्या पुनरुत्थानावर लहानपणापासून विश्वास ठेवत आले. कर्णा वाजेल आणि सगळे मेलेले उठतील, याबद्दल मला कधी शंका आली नाही. पण हा खाटेवरचा माणूस येत्या सोमवारी जिवंत असेल, एवढ्यावर माझा विश्वास बसेना. त्या शनिवारी मला कळले की दूरचे मानणे सोपे असते.

पहाटे लांबून ढोलकीचा आवाज आला. अजून इतका लांब होता की यांच्या कापूस घातलेल्या कानांपर्यंत पोचला नसावा. मी सासूबाईंना यांच्याजवळ बसवले आणि अनवाणी मागच्या फाटकातून बाहेर पडले. रस्त्याला वळण आहे, तिथे एक मोरी, लहानसा पूल, आहे. मी मोरीवर उभी राहिले.

कंदील दिसले. पन्नाससाठ माणसे असतील. याकोब पुढे, गळ्यात ढोलकी. मी हात वर केले तर लोकांना वाटले मी त्यांच्यात सामील व्हायला आले. दोघीतिघींनी गाता गाता हात पुढे केले. याकोब हसला आणि त्याने अधिकच जोरात थाप मारली.

मग मी पुढे होऊन दोन्ही तळहात ढोलकीच्या पानांवर, दोन्ही बाजूंच्या चामड्यावर, दाबले.

आवाज बंद झाला. गाणे मागच्या मागे तुटत गेले. सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझे हात ढोलकीवरच होते. ते काढले असते तर मी पळून गेले असते.

"काय झालं, बाई?" पाळकसाहेबांनी विचारले. "गेला का?"

"नाही," मी म्हटले. "गाऊ नका. आवाजाने झटका येतो. जातील ते."

मरियमबाई पुढे आल्या. त्या आमच्या बायबलबाई, साऱ्या बायकांना शिकवणाऱ्या. त्या रागावल्या नव्हत्या, पण त्यांचा आवाज मोठा. "अगं, प्रभू उठला हे गाणं कानावर पडून कोणी मरतं का? आजच्या दिवशी तरी विश्वास धर. भीती सैतानाकडून येते, ते तुला ठाऊक आहे."

मागून कोणीतरी म्हणाले, "तिला झोप नाही आठ दिवस. बाजूला घ्या तिला."

कोणी तरी माझा दंड धरला. तेव्हा माझ्या तोंडून जे आले ते मी ठरवलेले नव्हते.

"प्रभू उठला त्या पहाटे कोण गात होतं, मरियमबाई? तुम्हीच शिकवलंय. बायका सुगंधी मसाला घेऊन कबरेकडे गेल्या त्या गप्प गेल्या. भीतच गेल्या. तरी तो उठलेलाच होता."

मरियमबाईंनी माझ्याकडे पाहिले. एवढी वाक्ये त्यांनी माझ्या तोंडून कधी ऐकली नव्हती. मीही नव्हती.  मग खाली वाकून त्यांनी चपला काढल्या आणि हातात घेतल्या.

पाळकसाहेबांनी बूट काढले. त्यांचे पाहून सगळ्यांनी काढले. याकोबने ढोलकी गळ्यातून काढून पोटाशी धरली, लहान मूल धरावे तशी. बायकांनी कंदील पदराआड घेतले. एका म्हाताऱ्या आबांना खोकला येत होता, त्यांनी उपरण्याचा बोळा तोंडात धरला.

मग फेरी निघाली. मी मोरीवरच उभी होते. माझ्या समोरून ते पाय गेले, भेगाळलेल्या टाचांचे, जोडव्यांचे, लंगडे. खडी होती तरी कोणी पाय आपटला नाही. वीस पावलांवर ती कांबळी लावलेली खिडकी. तिथे ते थांबले. कोणी काही म्हणाले नाही. मग पुढे कबरस्थानाकडे गेले.

खोलीत आले तेव्हा सासूबाईंनी कुजबुजून विचारले, "लोके उनात का?"

"येऊन गेले," मी म्हटले.

यांचा श्वास चालू होता.

सोमवारी चार झटके आले. दहाव्या दिवशी दोन. बाराव्या दिवशी डॉक्टरांनी यांच्या दातांमध्ये करंगळी घालून पाहिली. "एक बोट," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला खुर्चीवर बसायला सांगितले. "बाई, आता रोज बोटं मोजायची. तीन बोटं तोंड उघडलं की भाकरी."

तीन बोटांना सोळा दिवस लागले. ज्यांच्या घरी हा आजार येईल त्यांना सांगते, उतावीळ होऊ नये. एका दिवसात आखडलेले अंग महिन्याने सुटते. पाठ सुटायच्या आधी यांना रडू येई, आणि रडूही येऊ द्यायचे नव्हते.

बोलता येऊ लागल्यावर यांनी मला पहिली गोष्ट विचारली ती फेरीची. मी सांगू की नको असे करत होते.

"मला दिवस ठाऊक होता," हे म्हणाले. शब्द दातांतून येत होते. "मी वाट पाहत होतो. भीतही होतो, याकोबची ढोलकी ऐकून मरायचं म्हणजे वाईटच. मग आवाज लांबूनच बंद झाला. वाटलं, गेले माझे कान. मग पाय ऐकू आले. तूर पाखडल्यासारखा आवाज. एवढे पाय. मला कळलं की सगळे आलेत."

मी तोंड फिरवून दुधाचे भांडे उचलले.

सव्वा महिन्याने घरी आलो. हे काठी घेऊन चालत. घंटेची दोरी ओढताना पहिले काही रविवार मी मागे उभी राही. कबर खणायचे काम याकोबने वर्षभर केले. बांगड्या मी घरी आल्यावर भरल्या, सासूबाईंनी स्वतः कासाराला बोलावून.

जखमेबद्दल एवढेच लिहिते. मातीत काम करताना लागले तर साबणाने धुवावे आणि त्याच दिवशी टिटॅनसचे इंजेक्शन घ्यावे. तंबाखू, चुना, शेण काही लावू नये.

आणि पैशांबद्दल. महिन्याला पाच रुपये द्यायचे ठरले. यांच्या पगारातून तेवढे निघणे कठीण, म्हणून मी डाळमिलमध्ये निवडायला जाऊ लागले. तिथे शंभर बायका एका वेळी बोलतात. मीही थोडे बोलायला शिकले. दुष्काळात मिल बंद पडली तेव्हा दहा महिने एक पैसा देता आला नाही. मी खडी फोडायला गेले, ते पैसे धान्यालाच गेले. नानांनी विचारले नाही. मीच दर महिन्याला जाऊन सांगत असे, की या महिन्याला जमले नाही. ते म्हणत, "बरं. अजून जिवंत आहे ना?" मी म्हणे, "आहे." मग ते वही न उघडताच ठेवून देत.

मला त्या फेऱ्यांची लाज वाटत नसे. ज्या महिन्यात पैसे दिले त्या महिन्यात, आणि ज्या महिन्यात दिले नाहीत त्याही महिन्यात, मी रस्त्याने जाताना एकच विचार करी, की मेलेल्या माणसाची बायको या कामाला जात नाही. उठलेल्याला भूक असते, मीठ लागते, धोतराला ठिगळ लागते आणि त्याच्या नावावर देणे असते. लोक वर्षातून एक दिवस पुनरुत्थान साजरे करतात. मला ते दर महिन्याला पाच रुपये पडले.

शेवटचे पाच रुपये मी भाद्रपदातल्या एका रविवारी दिले. सण नव्हता, काही नव्हते. उपासनेआधी नाना चर्चच्या मागच्या खोलीत बसले होते. त्यांना आता कमी दिसते. त्यांनी नोट बोटांनी चाचपली, वही उघडली आणि पेन माझ्यापुढे केले.

"तूच लिही. मला ओळ सापडत नाही."

"माझं अक्षर वाईट आहे, नाना."

"या वहीतला कोणी तक्रार करायला येत नाही."

मी ओळ शोधली. वर सात नावे, खाली अकरा. सगळ्यांपुढे तारखा होत्या. त्यांत ती म्हातारी होती, जिची कबर खणताना यांना लागले. यांच्या नावापुढचा रकाना तसाच रिकामा होता, कागद पिवळा पडलेला. मी नावावर रेघ मारली. रकमेसमोर 'पूर्ण फेड' लिहिले.

"आणि तारखेच्या रकान्यात?" मी विचारले.

"तारीख तर नाही त्याला," नाना म्हणाले. "आत्ता काय करतोय तो?"

बाहेर पहिली घंटा सुरू झाली होती. हे नेहमीसारखे दोरी ओढताना उजवा पाय जरा उचलत असणार.

मी त्या रकान्यात लिहिले, 'घंटा वाजवीत आहेत.' जागा कमी होती, शेवटची अक्षरे बारीक झाली. नानांनी वही डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि पाच रुपयांची नोट मातीफंडाच्या डब्यात टाकली. एकशे चाळीस पूर्ण झाले.